आमच्या घरात कुणालाच ओरडता येत नाही

आमच्या घरात कुणालाच ओरडता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतोय. लोकांच्या घराण्यात मधुमेह चालत येतो, टक्कल चालत येतं, कोर्टकज्जे चालत येतात. आमच्यात हे आलं. बस चुकत असली तर मी बसच्या मागे जीव खाऊन धावतो, पण ‘थांबा’ असं काही माझ्या तोंडून निघत नाही. मी पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढतो. ऑफिसात तहान लागली तर शिपायाला हाक मारण्यापेक्षा मी स्वतः उठून पाणी आणतो, आणि उठलोच आहे तर शिपायालाही एक पेला आणून देतो. शिपाई माझ्याबद्दल फार चांगलं बोलतो.

याला कारण आमचे बाबा. ते छापखान्यात, कायमचे रात्रपाळीला. म्हणजे दिवसा आमच्या दोन खोल्यांच्या घरात झोपलेले. झोप इतकी हलकी की पातेल्याला चमचा लागला तरी कूस बदलायचे. मग आईनं घराला वळणच तसं लावलं. बोलायचं ते कानाशी. खोकायचं ते उशीत. मी आणि धाकटा शाळेतून आलो की जिन्याच्या तळाशी जोडे काढायचे, हातात घ्यायचे आणि चवड्यांवर वर यायचं. आम्ही भांडायचोसुद्धा कुजबुजत. धाकट्यानं एकदा माझ्या दंडाचा कडकडून चावा घेतला, तेव्हा मी बोंब ठोकली ती तोंडावर हात दाबून, आणि आई त्याला रागावली तीही कुजबुजतच. बाबांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, पण आमचा आवाज काही परत आला नाही.

असल्या घशावर माणूस सुखानं जगू शकतो. मी जगतच होतो. पण धाकट्याला तुरुंगात नेलं आणि माझ्या घशाची लाज चारचौघांत निघाली.

धाकटा एका शीतगृहात कोठी सांभाळायचा. कोठीतला माल गेला, चावी याच्या खिशात सापडली, झालं. आता कोठी सांभाळणाऱ्याच्या खिशात चावी नाही सापडणार तर काय शिट्टी सापडणार? असो. खटला उभा राहायचा होता. तोवर हा ‘कच्चा कैदी’. कागदावर हा शब्द वाचला तेव्हा माझं डोकंच फिरलं. चाळिशी उलटलेला माणूस, कानाशी केस पिकलेले, आणि म्हणे कच्चा! शेजाऱ्यांना मात्र नुसता ऊत आला होता. समोरच्या वहिनी रोज दार उघडून म्हणायच्या, ‘त्यानं केलं नसेलच हो,’ आणि मग माझ्या तोंडाकडे बघत थांबायच्या. मी काय सांगणार? मान हलवून आत यायचो आणि दार लावून घ्यायचो. तेही आवाज न करता.

आई खाटेवर होती. खुबा मोडल्यापासून ती उठलीच नव्हती, त्यामुळे तिला तुरुंगापर्यंत नेणं शक्य नव्हतं. तुरुंगातला कैद्यांचा फोन बंद पडलेला. दुरुस्तीचा अर्ज वर गेला होता, आणि वर गेलेले अर्ज खाली यायला किती दिवस घेतात हे मला, सरकारी नोकराला, कुणी सांगायला नको. पत्रं आत मिळायची, पण ती आधी कुणीतरी वाचायचं आणि वाचणाऱ्याला सवड नसायची. राहता राहिली आठवड्याची भेट.

‘तू जा,’ आई म्हणाली. ‘मला फक्त एवढंच कळू दे, तो खरंच कसा आहे. बाकीचं वकील बघेल.’

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. का, ते विचारू नका. तुरुंगात जाताना कसे कपडे घालावेत हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

भेटीची खोली म्हणजे एक लांबलचक पडवी. मधोमध छतापर्यंत लोखंडी जाळी, मग शिपायाला फिरता येईल एवढी बोळकांडी, मग दुसरी जाळी. अलीकडे आम्ही, पलीकडे ते. आणि सगळे एकाच वेळी बोलणार! शेजारचा ओरडतो म्हणून आपण ओरडायचं, आपण ओरडतो म्हणून पलीकडचा आणखी ओरडणार. मी जाळीला नाक लावून उभा राहिलो. धाकटा आला. गालफडं बसलेली. मी माझा ऑफिसातला खास आवाज काढून विचारलं, ‘कसा आहेस?’ ते माझं मलाच ऐकू आलं नाही. त्याचेही ओठ हलले. मी मान डोलावली. त्यानंही डोलावली. दोघं सभ्य माणसं. असं डोलावता डोलावता घंटा झाली आणि शिपायानं सगळ्यांना बाहेर काढलं.

घरी आई वाटच बघत होती. ‘काय म्हणाला?’

‘बरा आहे म्हणाला.’

‘आवाज कसा होता त्याचा?’

‘नेहमीसारखा,’ मी म्हणालो. हे अगदी खरं होतं. आमचा नेहमीचा आवाज म्हणजे न ऐकू येणाराच. पण आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो.

आमच्या वरच्या मजल्यावर कवायत मास्तर राहतात. शाळेतून निवृत्त झाले, पण कवायत सुटलेली नाही. जिना उतरतानाही डावा-उजवा करतात. त्यांच्या कानावर हे गेलं (समोरच्या वहिनींमार्फत, आणखी कोण!) आणि ते थेट आमच्या घरात येऊन उभे राहिले.

‘राव, तुम्ही घशातून बोलता. तिथंच चुकतं. आवाज पोटातून काढायचा, पोटातून! उद्यापासून संध्याकाळी गच्चीवर.’

नाही म्हणायला जो आवाज लागतो तो माझ्याकडे असता तर प्रश्नच नव्हता. गेलो गच्चीवर. मास्तरांनी माझ्या पोटावर तळहात ठेवला आणि म्हणाले, ‘हं, इथून.’ मी इकडेतिकडे बघितलं, डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, ‘कसा आहेस?’

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक गृहस्थ कपडे वाळत घालत होते. ते म्हणाले, ‘बरा आहे. आपण कोण?’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर मात्र खूश. ‘पोचला! आवाज पोचला!’ मग काय, रोज संध्याकाळी सराव. मिठाच्या गुळण्या. वहिनींनी लवंग दिली. तळमजल्यावरच्या कंपाउंडरनं कसल्याशा गोळ्या दिल्या आणि वर सल्ला दिला की मी बोलूच नये. बायको एके दिवशी बाजारातून येऊन म्हणाली, ‘अहो, तुम्ही नाटकात काम करताय म्हणे. खाली विचारत होते, भूमिका कसली आहे.’

एवढं करून भेटीच्या दिवशी सकाळी उठलो तर आवाज पार गेलेला. होता तोही गेला. बायकोला ‘टॉवेल दे’ म्हणालो तर फक्त वारा आला.

त्या दिवशी जाळीपाशी माझ्या शेजारी भांडीवाल्या बाई होत्या. दारोदार भांडी विकतात, नवरा आत आहे. खाली रस्त्यावरून हाक मारून वरच्या मजल्यावरची दारं उघडायला लावणारा त्यांचा आवाज. माझी ती नुसती तोंडाची उघडझाप बघून त्यांना राहवेना.

‘भाऊ, काय सांगायचंय ते माझ्या कानात सांगा. मी पोचवते.’

मी त्यांच्या कानात सांगितलं. पुढचं काय होणार ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण नाही आलं.

‘ए! तुझा भाऊ विचारतोय, जेवतोस का वेळेवर!’ पडवी हादरली. धाकटा दचकून मागे सरला. ‘तुझी आई विचारतेय, पोट साफ होतं का!’

अख्खी पडवी गप्प झाली. आमच्या घराण्यात पोटाचा विषय आम्ही एकमेकांशीसुद्धा कधी काढत नाही. पलीकडून कुणीतरी तिसराच ओरडला, ‘होतं म्हणावं!’ आणि दोन्ही जाळ्यांमागची माणसं खो खो हसायला लागली. शिपाईही हसला. धाकटा कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं काहीतरी उत्तर दिलं, आणि बाईंनी ते ओठांवरून टिपलं.

‘मजेत आहे म्हणतोय, भाऊ. काळजी करू नका म्हणतोय.’

मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी बघत होतो की बोलताना तो डाव्या हाताचं कोपर खाजवतोय. चांगलं करकरून.

खरूज! दुसरं काय असणार? एवढी माणसं एका खोलीत, एकाची चादर दुसऱ्याला. मी आईला काही बोललो नाही, पण बायकोला सांगितलं, बायकोनं वहिनींना सांगितलं, म्हणजे इमारतीला कळलं. कंपाउंडरनं मलम दिलं. ते घेऊन मी तुरुंगाच्या फाटकाशी गेलो. फाटकावरचा म्हणाला, बाहेरचं मलम चालत नाही. मग आतलं द्या, मी म्हणालो. म्हणाला, आतलं मलम आतल्या डॉक्टरनं सांगितल्याशिवाय मिळत नाही, डॉक्टर कैद्यानं तक्रार केल्याशिवाय बघत नाही, आणि तुमच्या कैद्याची तक्रार नाही. तो संकोची आहे, मी म्हणालो. फाटकावरच्यानं वरपासून खालपर्यंत मला न्याहाळलं आणि म्हणाला, ‘घराणंच दिसतंय.’ शेवटी मी तक्रार अर्ज दिला. खात्यात मुरलेला माणूस मी, अर्ज असा दिला की टाळताच येऊ नये. ‘संसर्ग’ हा शब्द तीनदा घातला.

पुढच्या भेटीला धाकटा आला तो दोन्ही हात खांद्यापर्यंत औषधानं जांभळे रंगवलेला. त्याला बराकीतून उचलून खरूजवाल्यांच्या खोलीत टाकलं होतं, चादर उकळली होती, डोकं भादरलं होतं. त्यानं माझ्याकडे जे बघितलं ते दंड चावला होता त्या दिवशीसारखं. बाईंच्या तोंडून निरोप आला, ‘बरा आहे म्हणतोय. पुन्हा अर्ज करू नका म्हणतोय.’ पहिलं वाक्य बोलताना त्यानं पुन्हा कोपर खाजवलं. या वेळी असं की जांभळा रंग निघून आला.

मी घरी येऊन खाटेच्या कडेला बसलो आणि आईला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, ‘आई, तो बरा नाहीये. त्याला खरूज झालीय आणि ती पसरतेय, आणि मी काही करू शकत नाही.’ मला रडू येत होतं. या वयात.

आईनं विचारलं, ‘कुठलं कोपर?’

‘डावं.’

‘बोलताना खाजवतो की गप्प असताना?’

‘बोलताना. बरा आहे म्हणताना.’

आईनं डोळे मिटले. मग म्हणाली, ‘अरे गाढवा. खाज कसली? तो खोटं बोलतोय.’

आणि मला आठवलं. इतकी वर्षं मी ते विसरलोच कसा! बाबा झोपलेले असताना बोलता यायचं नाही, म्हणून आमच्या घरात सगळ्या खुणा होत्या. नाकाचा शेंडा दोन बोटांत धरला की ‘आई रागावली आहे’. अंगठा मुठीत दाबला की ‘भीती वाटतेय, माझ्याजवळ ये’. रात्री बाबा कामावर गेल्यावर काळोखात आम्हाला झोप यायची नाही, तेव्हाही आई सवयीनं दारात कंदील धरून हनुवटीवर दोन बोटांनी टकटक करायची. म्हणजे ‘मी जागी आहे, तू झोप’. आणि डावं कोपर खाजवणं म्हणजे ‘मी आता जे बोलतोय ते खरं नाही, पण तू मान डोलाव’. ही शोधून काढली धाकट्यानंच, शाळेचे मार्क बाबांना सांगताना. म्हणजे मी खुणेला खरूज समजून माझ्या सख्ख्या भावाचं डोकं भादरून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी आई कितीतरी दिवसांनी उशीला टेकून बसली. एकेक खूण आठवून करून दाखवायची, मी चुकलो की हातावर चापट मारायची. बायको दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, ‘अहो, मी शिवलेला शर्ट आवडला म्हणालात, तेव्हा कोपर का खाजवत होता?’ आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे तो बरा नाही.’

‘नाही, आई.’

‘असू दे. खोटं बोलतोय हे तरी त्यानं मला खरं सांगितलं.’

पुढची भेट मी कधीही विसरणार नाही. सगळी पडवी बोंबलत होती आणि आम्ही दोघं आमच्या घरात होतो. मी आधी डावं कोपर दाखवलं आणि बोट हलवलं, की बाबा रे, हे आता बंद. तो बघतच राहिला. मग त्यानं नाकाचा शेंडा धरला आणि भुवया उंचावल्या, आई रागावलीय का? मी मान हलवली, नाही. तो हसला. जाळीमागे त्याला मी पहिल्यांदा हसताना बघत होतो. आणि मग इकडेतिकडे बघून, हात छातीशी घेऊन, त्यानं हळूच अंगठा मुठीत दाबला.

मी काय करणार? त्याच्याजवळ जाता येत असतं तर जाळी कशाला असती. मी हनुवटीवर दोन बोटांनी टकटक केली. आईनं सांगितलंय, मी जागी आहे. त्यानं जाळीला कपाळ टेकलं.

मग दर भेटीला हेच. आधी नाक, मग अंगठा, मग हनुवटी. घरी आलो की आई म्हणायची, ‘दाखव.’ मी दाखवायचो. मुठीतला अंगठा बघून ती माझी मूठ धरून बसायची, पण ‘बरा आहे’ या शब्दांपेक्षा तिला तो अंगठा बरा वाटत होता. एका भेटीला त्यानं मूठ नुसतीच उघडून दाखवली, अंगठा मोकळा. आईनं बायकोला बोलावून घेऊन ती उघडी मूठ मला पुन्हा करून दाखवायला लावली.

चांगलं चाललेलं सरकारला बघवत नाही, हे मी सरकारचा माणूस असून सांगतो. बोळकांडीतल्या शिपायाला संशय आला. मला तुरुंगाच्या साहेबांपुढे उभं केलं.

‘या खुणा कसल्या चालतात?’

‘घरगुती आहेत, साहेब.’

‘करून दाखवा.’

मी दाखवल्या. नाकापर्यंत ठीक होतं. ‘अंगठा मुठीत म्हणजे काय? काही माल आत पोचवायचा?’

‘भीती वाटतेय, साहेब.’

‘कुणाची?’

‘काळोखाची. म्हणजे लहानपणी काळोखाची.’

साहेबांनी समोरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. ‘आणि हे कोपर?’

इथं माझी पाचावर धारण बसली. ‘म्हणजे, मी बोलतोय ते खरं नाही.’

‘असं? म्हणजे कैदी मला म्हणाला, इथलं जेवण उत्तम आहे, आणि त्यानं कोपर खाजवलं, तर?’

‘तर साहेब, जेवण उत्तमच असेल,’ मी म्हणालो, आणि बघतो तो माझाच उजवा हात डाव्या कोपराकडे निघालेला.

साहेबांनी त्या हाताकडे बघितलं. मग शिपायाला म्हणाले, ‘यांच्या सगळ्या खुणा शिकून घे. एखादी नवी दिसली तर भेट बंद.’ शिपाई शिकला. हुशार निघाला. पुढं पुढं तर साहेब फेरीला येताना दिसले की तो बोळकांडीतून नाकाचा शेंडा धरायचा आणि पलीकडचे सगळे कैदी सरळ उभे राहायचे.

एक खूण मी दाखवली नव्हती. लपवली नाही, आठवलीच नाही. ती बाबांबरोबरच संपली होती.

मग एका सकाळी मी आईला चहा घेऊन गेलो आणि आईनं ओ दिली नाही.

याबद्दल मला फार बोलता येणार नाही. खिडकी उघडी होती, तिचा एक हात हनुवटीखाली होता. बायको मोठ्यानं रडली. ती दुसऱ्या घरातली, तिला येतं. मला आलं नाही.

धाकट्याला शेवटचं बघता यावं म्हणून मी तसाच तुरुंगात धावलो. खिडकीतला कारकून म्हणाला, मृत्यूचा दाखला आणा. दाखल्याच्या खिडकीवरचा म्हणाला, दवाखान्याचा कागद आणा. मी म्हणालो, ती घरी गेली. ‘घरी का गेल्या?’ तो म्हणाला. त्याचा सूर असा, की एवढ्या वयाच्या बाईला साधी रीत माहीत नसावी! मग डॉक्टर, मग ओळखीचा अधिकारी, मग तो जेवायला गेलेला, मग पुन्हा पहिली खिडकी. मास्तर माझ्याबरोबर सगळीकडे आले आणि कुठंही डावा-उजवा न करता चालले. परवानगी मिळाली तेव्हा आईला नेऊन आम्ही परतही आलो होतो. परवानगीवर शिक्का मात्र फार स्वच्छ उठला होता.

कारकुनाला माझी दया आली असावी. म्हणाला, ‘तुम्ही कशाला त्रास घेता? आम्ही आत निरोप देतो. शिपाई जाऊन सांगेल.’

‘नको!’ मी म्हणालो. ‘मी सांगेन. त्याला मीच सांगेन!’

अख्ख्या ऑफिसनं माना वर केल्या. कुणाच्या तरी हातून कपबशी पडली. कारकून मागे सरकून म्हणाला, ‘अहो, ओरडू नका.’ आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी असं म्हणालं होतं, आणि ते सांगायला घरी आई नव्हती.

भेटीच्या दिवसापर्यंत सल्ल्यांना तोटा नव्हता. मास्तर म्हणाले, एका दमात सांगून टाका, आता आवाज आहे तुमच्यात. वहिनी म्हणाल्या, सांगूच नका हो, सुटून आला की कळेल. कंपाउंडरनं धाकट्यासाठी गोळ्या दिल्या, ज्या तुरुंगात चालत नाहीत हे त्यालाही माहीत होतं. बायको एवढंच म्हणाली, ‘शर्ट इस्त्री करून ठेवलाय.’

पडवी तशीच गजबजलेली. भांडीवाल्या बाई नेहमीच्या जागी. ‘भाऊ, आज काय पोचवू?’ त्यांनी विचारलं, मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. थोड्या बाजूला सरकल्या, जाळीशी मला जागा करून दिली.

मी ठरवून आलो होतो की पोटातून ओरडायचं. कारकुनापुढे निघाला तसा आवाज निघाला असताही. पण ‘आई गेली’ हे ओरडून कसं सांगायचं? एवढ्या माणसांतून, त्यांच्या पोरांच्या तापावरून आणि वकिलांच्या तारखांवरून, आमची आई फेकायची का पलीकडे?

धाकटा आला. केस थोडे वाढले होते. माझ्याकडे बघून हसला आणि नाकाचा शेंडा धरला. आई रागावलीय का?

मी मान हलवली. नाही.

मग त्यानं हनुवटीवर दोन बोटांनी टकटक केली आणि भुवया उंचावल्या. ती विचारायची खूण नव्हती, ते दर वेळी मी करायचो. आज त्यालाच आधी हवं होतं. जागी आहे ना?

माझा हात कधी वर गेला मला कळलं नाही. मी तळहात आडवा माझ्या डोक्यावर ठेवला. आम्ही शाळेतून यायचो तेव्हा आई जिन्याच्या वर अशीच उभी असायची, डोक्यावर तळहात ठेवून. म्हणजे, घरात झोपलेत. जोडे काढा, हातात घ्या, आवाज करू नका.

धाकटा आधी गोंधळला. बाबा तर कधीच गेलेले. तो माझ्याकडे बघत राहिला. मी हात काढला नाही. मग त्याचा चेहरा हळूहळू लहान होत गेला.

शिपाई माझ्यापाशी आला. ‘ही कुठली? ही दाखवली नव्हती तुम्ही.’

‘घरात कुणी झोपलं असलं की करायची,’ मी म्हणालो. ‘आमची आई.’

शिपायानं वळून पलीकडे बघितलं. मग तो बोळकांडीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथंच पाठ करून उभा राहिला.

धाकटा खाली वाकला. त्यानं पायांतल्या वहाणा काढल्या, एक, मग दुसरी. दोन्ही एका हातात घेतल्या. मला मान डोलावून ‘कळलं’ म्हणून सांगितलं, आणि घंटा व्हायच्या आत तो वळला. सगळे ओरडत होते, आणि तो त्यांच्यामधून चवड्यांवर, कुणाला जाग येऊ नये असा, आत गेला.

मी फाटकाबाहेर आलो. भांडीवाल्या बाई मागून आल्या, थोडा वेळ माझ्याबरोबर चालल्या. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाई, पण तेव्हा अगदी कानाशी बोलावं तसं बोलल्या.

‘भाऊ, बूट घाला. रस्ता तापलाय.’

मी खाली बघितलं. माझे बूट माझ्या हातात होते.